भारतातील मेंढ्यांची संख्या

भारतातील मेंढ्यांची संख्या दर पाच वर्षांनी घेतल्या जाणाऱ्या पशुगणनेतून निश्चित केली जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४२ लाख ६० हजार मेंढ्या होत्या. २०१२ च्या एकोणिसाव्या गणनेत हा आकडा ६ कोटी ५० लाख ७० हजार इतका होता. म्हणजेच दोन गणनांदरम्यान १४.१ टक्के वाढ झाली. देशातील एकूण ५३ कोटी ५७ लाख ८० हजार पशुधनात मेंढ्यांचा वाटा सुमारे चौदा टक्के आहे. मेंढ्यांच्या संख्येत जगात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो.

एकूण आकडा वाढत असला, तरी ही वाढ देशभर सारखी नाही. ती दक्षिणेतील तीन राज्यांत एकवटली असून एकेकाळी मेंढपाळीचा प्रमुख प्रदेश असलेल्या राजस्थानात संख्या एकंदरीत घटली आहे. लोकरीसाठी मेंढी पाळण्याची प्रथा मागे पडून मांसासाठी मेंढी पाळण्याकडे झालेला कल हे या बदलामागील मुख्य कारण होय.

गणनेची पद्धत

भारतात पशुगणनेस १९१९-२० मध्ये प्रारंभ झाला. प्रगणक घरोघर जाऊन जनावरांची नोंद करतात. २०१९ च्या गणनेत कागदी तक्त्यांऐवजी प्रथमच टॅबलेट संगणकाचा वापर झाला. मेंढ्यांची नोंद देशी आणि विदेशी किंवा संकरित अशा दोन गटांत होते व प्रत्येक गटात नर, मादी, एक वर्षाखालील कोकरे आणि एक वर्षावरील जनावरे असे पोटविभाग असतात. २०१९ मध्ये संकरित व विदेशी मेंढ्या सुमारे ४१ लाख होत्या. उरलेल्या सर्व देशी होत्या.

कोकरांचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गणना हे कळपाचे एका विशिष्ट वेळचे चित्र असते. मेंढ्या वितात तो हंगाम नुकताच होऊन गेला असेल, तर कळपात कोकरे अधिक दिसतात. तीच गणना काही महिन्यांनी केली, तर बरेचसे नर कोकरू बाजारात गेलेले असतात. मांसासाठीचे नर सहा महिने ते वर्षभराच्या आत विकले जात असल्याने कळपात माद्यांचे प्रमाण नेहमीच मोठे असते. म्हणून कोकरांची नोंदलेली संख्या म्हणजे वर्षभरात जन्मलेली कोकरे असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. अनेक शालेय प्रकल्पांत ही चूक आढळते.

भटक्या कळपांची मोजणी हा याहून अवघड प्रश्न आहे. घर हे मोजणीचे एकक मानले, की ज्यांचे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते असे मेंढपाळ एक तर सुटतात, नाहीतर दोन गावांत दोनदा मोजले जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत पशुपालक भटक्या समाजांची व त्यांच्या जनावरांची स्वतंत्र नोंद घेण्याची तरतूद प्रथमच करण्यात आली. बोलीभाषेचाही प्रश्न आहेच. पश्चिम महाराष्ट्रातील धनगर मेंढीला सर्रास ‘बकरी’ म्हणतात आणि शेळीला ‘शेरडू’. शहरी प्रगणकाला ‘बकरी’ या शब्दाने शेळीच अभिप्रेत असते. ‘शंभर बकरी आहेत’ हे उत्तर प्रत्यक्ष कळप न पाहता लिहून घेतले, तर ते कोणत्या रकान्यात जाईल हे सांगायला नको.

१९५१ नंतरची वाटचाल

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९५१ च्या गणनेत देशात ३ कोटी ९० लाख मेंढ्या होत्या. पुढील पाव शतकात हा आकडा जवळपास स्थिर राहिला: १९६१ मध्ये ४ कोटी २ लाख, १९७२ मध्ये ४ कोटी आणि १९७७ मध्ये ४ कोटी ९ लाख. १९८२ साली तो ४ कोटी ८८ लाखांवर गेला, पण १९८७ मध्ये ४ कोटी ५७ लाखांवर उतरला. १९८० च्या दशकाच्या मध्यास राजस्थान व गुजरातेत ओळीने पडलेले दुष्काळ या घटीच्या संदर्भात लक्षात घ्यावे लागतात. त्यानंतर १९९२ मध्ये ५ कोटी ८ लाख, १९९७ मध्ये ५ कोटी ७५ लाख, २००३ मध्ये ६ कोटी १५ लाख आणि २००७ मध्ये ७ कोटी १६ लाख अशी चढती कमान दिसते. २०१२ मध्ये संख्या पुन्हा नऊ टक्क्यांनी घसरली आणि २०१९ मध्ये तिने आजवरचा उच्चांक गाठला.

२०१२ व २०१९ या गणनांत पाच नव्हे, तर सात वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे १४ टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात वर्षाला दोन टक्क्यांहूनही किंचित कमी भरते. शिवाय २००७ च्या आकड्याशी तुलना केली, तर बारा वर्षांतील निव्वळ वाढ चार टक्क्यांच्या आतच आहे. लोकसंख्येच्या मापाने पाहिल्यास चित्र उलटे होते. १९५१ मध्ये दर शंभर माणसांमागे सुमारे अकरा मेंढ्या होत्या. २०१९ मध्ये त्या साडेपाचच्या आसपास उरल्या.

राज्यवार बदल

२०१९ मध्ये तेलंगणात १ कोटी ९१ लाख, आंध्र प्रदेशात १ कोटी ७६ लाख आणि कर्नाटकात १ कोटी ११ लाख मेंढ्या होत्या. देशातील जवळजवळ दोन तृतीयांश मेंढ्या या तीन राज्यांत आहेत. सात वर्षांत तेलंगणात सुमारे ६२ लाख, आंध्र प्रदेशात ४१ लाख व कर्नाटकात १५ लाख मेंढ्या वाढल्या. ही बेरीज १ कोटी १८ लाखांच्या घरात जाते. देशाची एकूण वाढ मात्र ९२ लाखच आहे. याचा सरळ अर्थ असा, की उरलेल्या भारतात मिळून सुमारे २६ लाख मेंढ्या कमी झाल्या. राष्ट्रीय टक्केवारीत ही गोष्ट दिसत नाही.

तेलंगणातील वाढीचा संबंध राज्य शासनाच्या मेंढीवाटप योजनेशी आहे. जून २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गोल्ला व कुरुमा या मेंढपाळ समाजांतील कुटुंबांना ७५ टक्के अनुदानावर वीस मेंढ्या व एक नर असा गट देण्यात आला. जनावरे शेजारच्या राज्यांतून खरेदी करावयाची होती. त्यामुळे तेलंगणाच्या आकड्यातील एक भाग पैदाशीचा नसून स्थलांतराचा आहे, हे विसरता येत नाही.

अविभाजित आंध्र प्रदेशाचा जुना आकडा याहूनही विचारात पाडणारा आहे. १९९७ मध्ये तेथे ९७ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या आणि २००३ मध्ये २ कोटी १४ लाख. बहुधा एका वेळी एकच कोकरू देणाऱ्या आणि दरवर्षी विक्री होणाऱ्या कळपांची संख्या सहा वर्षांत दुपटीहून अधिक व्हावी, हे केवळ पैदाशीने घडणे कठीण आहे. आधीच्या गणनेतील त्रुटी नंतरच्या गणनेत भरून निघाली असण्याची शक्यता येथे विचारात घेणे योग्य ठरेल. तरीही कल निःसंशय वाढीचाच आहे: याच प्रदेशात, म्हणजे आजच्या दोन्ही राज्यांत मिळून, २०१९ मध्ये ३ कोटी ६७ लाख मेंढ्या होत्या. नेल्लोर जातीची उंच, अंगावर लोकरीऐवजी केस असलेली मेंढी ही येथील मुख्य जात असून ती पूर्णतः मांसासाठी पाळली जाते.

राजस्थानची वाटचाल नेमकी विरुद्ध आहे. १९९७ मध्ये तेथे १ कोटी ४६ लाख मेंढ्या होत्या. देशातील दर चार मेंढ्यांपैकी एक राजस्थानची होती. २००३ मध्ये त्या १ कोटींवर आल्या, २०१२ मध्ये ९१ लाखांवर आणि २०१९ मध्ये ७९ लाखांवर. आता देशातील दर दहा मेंढ्यांपैकी जेमतेम एक तेथील आहे. गायरान व ओरण या सामायिक चराऊ जमिनींचा संकोच, कालव्याखाली आलेल्या जमिनींवर वाढलेली बारमाही शेती, हरियाणा व मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या रायका समाजाच्या वाटांवरील अडथळे आणि लोकरीचे पडलेले भाव ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. उत्तर प्रदेश व ओडिशा येथेही २०१२ ते २०१९ या काळात अनुक्रमे २७ व १९ टक्के घट झाली.

लोकर आणि मांस

देशातील लोकरीचे उत्पादन २०१४-१५ मध्ये ४ कोटी ८१ लाख किलोग्रॅम होते. २०२२-२३ मध्ये ते ३ कोटी ३६ लाख किलोग्रॅमवर आले. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली, हा वरवर विसंगत वाटणारा प्रकार राज्यवार आकड्यांनी उलगडतो: घटल्या त्या राजस्थानातील लोकरीच्या मेंढ्या, वाढल्या त्या दक्षिणेतील केसाळ, मांसाच्या मेंढ्या. वस्त्रोद्योगाला लागणारी तलम लोकर प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून येते. देशी लोकर जाडीभरडी असल्याने तिचा उपयोग गालिचे व घोंगड्या यांपुरताच राहतो. दख्खनच्या पठारावर तर लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर माळावरच टाकून देण्याचे प्रसंग येतात.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात २००३ मध्ये ३० लाख ९४ हजार मेंढ्या होत्या. २०१२ पर्यंत त्या २५ लाख ८० हजारांवर आल्या आणि २०१९ मध्ये किंचित वाढून २६ लाख ८० हजार झाल्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, सातारा, सांगली व सोलापूर हा अवर्षणप्रवण पट्टा मेंढपाळीचे केंद्र आहे. काळ्या लोकरीची, काटक दख्खनी मेंढी ही येथील परंपरागत जात. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातून प्रसार पावलेली माडग्याळ मेंढी अलीकडे अधिक भाव खाते. तिचे कोकरू झपाट्याने वाढते, हे त्याचे कारण.

दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात व पावसाळ्यापूर्वी माळरानावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. हा व्यवहार अजून टिकून आहे. परंतु बागायती पिके व कुंपणे वाढल्याने बसायला रान मिळण्याचे दिवस कमी झाले आहेत. मोठा कळप फिरवण्यास माणसे लागतात आणि शाळेत जाणारी मुले कळपामागे नसतात. मुले शाळेत आली ही आनंदाची गोष्ट खरी. तिचा परिणाम कळपाच्या आकारावर होणे मात्र अटळ होते.

राज्यात मेंढी विकासाचे काम पुणे येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ पाहते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतही वीस मेंढ्या व एक नर यांचा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो.

कळपातील मेंढ्या न वाढवता कोकरे वाढवण्याचा वेगळा प्रयोग फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाला. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळे मेंढीत जुळी देण्यास कारणीभूत असलेले ‘फेक-बी’ जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमार्फत हेच जनुक तेथील बुरुला मेरिनो मेंढीत पोहोचले. संस्थेने संकरातून ते दख्खनी मेंढीत आणले व ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. या वाणाची मेंढी एका वेतास सरासरी दीडच्या आसपास कोकरे देते. जुळ्यांना पुरेसे दूध मिळण्यासाठी मेंढीला गाभणकाळात व विल्यानंतर पूरक खाद्य द्यावे लागते. त्यामुळे केवळ चराईवर अवलंबून असलेल्या फिरत्या कळपांपेक्षा एके ठिकाणी राहणाऱ्या मेंढपाळांस हा वाण अधिक मानवतो.

आकड्यांचा उपयोग

पीपीआर, देवी, आंत्रविषार व नीलजिव्हा या मेंढ्यांच्या प्रमुख रोगांवरील लसींची मागणी तालुक्यातील नोंदलेल्या संख्येवरून ठरते. पीपीआरचे २०३० पर्यंत जगातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले असून भारतही त्यात सहभागी आहे. गणनेतून सुटलेल्या कळपाला लसीच्या नियोजनातही स्थान नसते. हेच कळप सर्वांत दूरवर फिरतात, आणि रोग त्यांच्याबरोबर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो.