चावरा कुत्रा आणि किनाऱ्यावरची गर्दी

अनोळखी माणसावर धावून जाणारा, दुसरा कुत्रा दिसताच साखळी ताणणारा किंवा आधी कधी चावलेला पाळीव कुत्रा जत्रेत, मिरवणुकीत किंवा गजबजलेल्या किनाऱ्यावर न्यावा का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नेऊ नये’ असेच आहे. ते घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण गर्दीत शिरल्यावर ना मालकाच्या हाती फारसे काही उरते, ना कुत्र्याच्या.

रायगडच्या किनारपट्टीला हा प्रश्न विशेष लागू पडतो. 15 मार्च 2020 पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसह, कुत्र्यासह खाडीपलीकडे जाणे तासाभराचे काम झाले. किहीम, वरसोली, आक्षी, नागाव, काशीद, मुरूड आणि पुढे दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत शनिवार-रविवारी उतरणाऱ्या कुटुंबांबरोबर त्यांचे कुत्रेही असतात. कुटुंबाला ज्या सुट्ट्या मिळतात, नेमक्या त्याच दिवसांत इथे गर्दी उसळते. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून वाजतगाजत नारळ निघतो. गणपती विसर्जनासाठी समुद्रावर येतात. कार्तिकात वरसोलीला विठोबाची जत्रा भरते, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताची यात्रा असते, शिमग्यात पालख्या नाचतात आणि 31 डिसेंबरच्या रात्री किनाऱ्यावर फटाके फुटतात. शहरातल्या सदनिकेत वाढलेल्या, माणसांना बिचकणाऱ्या कुत्र्याला यातली कोणतीही जागा सोसणारी नाही.

चावरेपणाच्या मुळाशी बहुतेकदा भीती असते. दुखणेही असू शकते: कान पिकलेला, सांधे धरलेले, दात किडलेला कुत्रा एरवी गरीब असला तरी हात लागताच फिरून चावतो. म्हणून अचानक चिडखोर झालेल्या कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्यायचे असते. जातीवरून स्वभाव ठरवणेही फसवे आहे. रॉटवायलर आणि जर्मन शेफर्ड यांच्या चाव्याने इजा मोठी होते हे खरे, पण भेदरलेला पॉमेरेनियनही लहान मुलाचा गाल फाडू शकतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरवले. जातींची यादी हाती असली तरी समोरच्या कुत्र्याकडे बघावेच लागते.

कुत्रा एकदम चावत नाही, आधी सांगतो. भूक किंवा झोप नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो पण डोळ्यांच्या कडेने बघत राहतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. शेपूट पायात जाते किंवा ताठ उभी राहून आखूड हलते. अंग आखडते, कान मागे पडतात, मग गुरगुर आणि मग दात. हलणारी शेपूट म्हणजे आनंद, ही समजूत अनेकांना महागात पडली आहे. गुरगुरल्याबद्दल मारणारा मालक त्याहून मोठी चूक करतो. मार खाऊन कुत्रा गुरगुरणे सोडतो, घाबरणे सोडत नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’

घाबरलेल्या प्राण्यापुढे दोन वाटा असतात, पळणे किंवा लढणे. गळ्यात पट्टा आणि चहूबाजूंनी माणसे असली की पहिली वाट बंद होते. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. खालूबाजा, ढोल-ताशे आणि डीजेच्या भिंती त्याच्यावर कशा आदळत असतील याची कल्पना यावरून यावी. त्यात पायांची रेटारेटी, तळणीचा आणि सुक्या मासळीचा वास, फुगे घेऊन धावणारी मुले. यांतली एखादी गोष्ट त्याने निभावली असती, पण ताण साठत जातो. सकाळचा बोटीचा भोंगा, दुपारचे ऊन आणि संध्याकाळचे फटाके यांचा हिशेब त्याच्या अंगात एकत्रच राहतो. म्हणून दिवसभर शहाण्यासारखा वागलेला कुत्रा रात्री डोक्यावर हात ठेवणाऱ्या पाहुण्याला चावतो.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे गावातले मोकळे कुत्रे. वाळूचा तो पट्टा त्यांच्या हद्दीचा असतो. बांधलेला परका कुत्रा दिसला की ते त्याला घेरतात. पट्ट्यातला कुत्रा पळू शकत नाही म्हणून चढून भुंकतो आणि भांडण सोडवायला मध्ये हात घालणारा मालकच बहुधा चावला जातो. अलिबागच्या वाळूवरचे टांगे आणि काशीदला पर्यटकांना फिरवणारे घोडे यांच्यावर कुत्रा धावून गेला, तर घोडा बुजून वर बसलेले मूल खाली पडू शकते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आधीच्या भारतीय दंड संहितेत हाच गुन्हा कलम 289 मध्ये होता. 2010 साली मुंबईत एका रॉटवायलरने ज्येष्ठ नागरिकाला चावल्याच्या प्रकरणात गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीतल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 2018 मध्ये पाळीव हस्की शेजाऱ्याला चावला, त्या प्रकरणात 2025 मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. लहान मूल बरोबर असलेल्या शेजाऱ्याने थांबण्याची विनंती केली असतानाही कुत्र्याला लिफ्टमध्ये ओढून आणले गेले, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब. ‘आमचा काही करत नाही’ हे उत्तर न्यायालयात टिकत नाही.

अशा कुत्र्याला घरी ठेवणे ही त्याला शिक्षा नव्हे. ओळखीच्या माणसाजवळ, शांत खोलीत, चघळायला काही देऊन ठेवलेला कुत्रा मिरवणुकीतल्या कुत्र्यापेक्षा कितीतरी सुखी असतो. सहलीला आणलाच असेल तर जत्रेच्या वेळी घरातले एक माणूस त्याच्याजवळ थांबावे. बंद मोटारीत मात्र त्याला कधीही ठेवू नये. कोकणातल्या उन्हात काचा थोड्या उघड्या ठेवल्या तरी आतले तापमान काही मिनिटांत जीवघेणे होते. फिरवायला पहाटेची, ओहोटीची वेळ बरी, तीही पट्ट्यासह. श्रीवर्धन, हरिहरेश्वर भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि मोकळा सोडलेला कुत्रा ती उकरून काढतो.

जाणे अगदीच अटळ असेल, उदाहरणार्थ बोटीच्या रांगेतून, तर मुसके हवे. ते जाळीदार, पिंजऱ्यासारखे असावे. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, त्यामुळे तोंड आवळून बांधणारे कापडी मुसके दमट हवेत धोक्याचे ठरते. त्याची सवय घरी आठवडे-दोन आठवडे आधीपासून, आत खाऊ ठेवून लावावी लागते. पट्टा आखूड आणि मजबूत असावा. बटण दाबून लांबणारी दोरी गर्दीत निरुपयोगी. पट्ट्याला पिवळी फीत बांधून ‘या कुत्र्याला जागा द्या’ असे सांगण्याची पद्धत काही देशांत रुजली आहे. आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नसल्याने ‘हात लावू नका’ हे तोंडाने, वेळेत आणि ठामपणे सांगणे भाग आहे.

स्वभाव बदलता येतो, पण गर्दीत नेऊन नव्हे. ज्या अंतरावरून कुत्रा माणसे बघूनही शांत राहतो, तिथून सुरुवात करून प्रत्येक वेळी आवडता खाऊ द्यायचा आणि अंतर हळूहळू कमी करायचे. याला महिने लागतात आणि काही कुत्रे जत्रेला कधीच तयार होत नाहीत.

त्यातूनही चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. अलिबागला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. डॉक्टर रेबीजची लस ठरलेल्या दिवशी देतात आणि खोल, रक्ताळलेल्या जखमेत अँटी-रेबीज सीरमही भरतात. पाळीव कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे टाळू नये, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मालकाने लसीकरणाचा कागद आणि आपला पत्ता चावलेल्या माणसाला द्यावा, कुत्र्याला घेऊन गाव सोडून निघून जाऊ नये. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा लागतो. तो या काळात आजारी पडला किंवा मेला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे असते आणि धडधाकट राहिला तर पुढचे डोस द्यायचे की नाहीत, हे तेच ठरवतात.