लैंगिक छळ, कामाच्या ठिकाणचा

कामाच्या ठिकाणी स्त्रीशी केलेले, तिला नकोसे असलेले लैंगिक स्वरूपाचे वर्तन. भारतात पूर्वी याची स्वतंत्र व्याख्या नव्हती. दंड संहितेतील विनयभंगाच्या कलमांचाच आधार घ्यावा लागे व त्यांत आरोपीचा हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागे. विशाखा खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने प्रथम व्याख्या केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती आवश्यक ठरविली. समित्या कागदावरच राहत असल्याचे पुण्याच्या मेधा कोटवाल-लेले यांनी न्यायालयाच्या निदर्शनास आणले. त्यावरून २०१२ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीचे कडक आदेश दिले.

२०१३ च्या अधिनियमात पाच प्रकार सांगितले आहेत : शारीरिक स्पर्श व लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रे दाखविणे आणि अशा स्वरूपाचे अन्य शारीरिक, शाब्दिक वा सूचक वर्तन. भर वर्तन करणाऱ्याच्या हेतूवर नसून ते स्त्रीला नकोसे होते किंवा नाही यावर आहे.

निर्णयाचे पहिले स्थान अंतर्गत समिती होय. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी, एक सदस्य बाहेरचा व किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. तक्रार तीन महिन्यांत करावयाची असते (मुदत आणखी तीन महिने वाढविता येते). चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. समिती शिफारस करते. कारवाई मालक करतो.

दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास जिल्ह्याची स्थानिक समिती चौकशी करते. घर हेही कायद्याने कामाचे ठिकाण आहे. म्हणून मीरा-भाईंदरमधील बेव्हर्ली पार्कसारख्या निवासी वस्तीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची तक्रार ठाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची असते. अशा स्त्रीला समितीचा पत्ताच माहीत नसेल, तर व्याख्या कितीही व्यापक असली तरी तिला निष्फळ ठरते.

समितीवर निःपक्षपातीपणाचेही बंधन आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात चौकशी घाईने उरकल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बडतर्फीचा आदेश रद्द करून ते प्रकरण समितीकडे परत पाठविले. फौजदारी गुन्ह्याचा निर्णय मात्र न्यायालयच करते. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लागू आहे.