अकरा फेऱ्यांचा फरक
‘२०५/७० आर १४’ या टायरवरील खुणेत रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत दिलेला असतो. त्या हिशेबाने हा टायर सुमारे ६४३ मिलिमीटर व्यासाचा, तर ‘१९५/७० आर १४’ सुमारे ६२९ मिलिमीटरचा ठरतो, आणि धाकट्याला किलोमीटरमागे सुमारे ११ फेऱ्या जास्त घ्याव्या लागतात. केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरांत एवढा फरक एकवेळ खपतो. फोक्सवॅगनच्या १९८५ साली आलेल्या, चारही चाकांवर चालणाऱ्या ‘सिंक्रो’ व्हॅनमध्ये मात्र पुढच्या चाकांपर्यंतची शक्ती व्हिस्कस कपलिंगमधून, म्हणजे सिलिकॉनच्या दाट द्रवात फिरणाऱ्या चकत्यांच्या जोडणीतून जाते. ही जोडणी चाक घसरल्यावर पडणाऱ्या क्षणिक वेगफरकासाठी घडवलेली असल्याने अखंड फरकाने द्रव तापतो, जोडणी ताठरते आणि सरळ, कोरड्या रस्त्यावरही गिअर व टायर विनाकारण झिजतात.