अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि रक्तदाबाचा आकडा

सव्वीस आठवड्यांचे जन्मलेले बाळ किलोभरही भरत नाही. त्याचा रक्तदाब कमी आहे असे केव्हा म्हणावयाचे? रूढ आडाखा असा : जितके आठवडे, निदान तितका सरासरी दाब, म्हणजे २६ मिलिमीटर पारा. आपल्या कलाशाखेच्या मुलांनाही जमेल इतके सोपे गणित! पण दाब म्हणजे रक्तप्रवाह नव्हे. हातपाय उबदार, लघवी ठीक, तर आकडा थोडा खाली असूनही मेंदूला रक्त पुरत असू शकते. उलट दाब एकदम चढला, तर मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचे भय. म्हणून सलाइनही जपून, किलोमागे १० मिलिलिटर. मग डोपामाइन, कधी हायड्रोकॉर्टिझोन.

डोपामाइनने आकडा चढतो खरा, पण बाळ वाचते का? हे तपासण्यासाठी युरोप व कॅनडातील डॉक्टरांना ८३० बाळे हवी होती. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मिळाली होती अवघी ५८. भांबावलेल्या आईबापांकडे घटकाभरात संमती मागणार तरी कशी? प्रश्न अनिर्णित राहिला.

बिनखर्चाचा एक उपाय मात्र जन्मताक्षणीच करता येतो. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागत नसेल, तर नाळ मिनिटभर थांबून बांधावी. तेवढ्यात वारेतले बरेचसे रक्त बाळाकडे येते.