सुरुंगस्फोट : मिलिसेकंदांचे गणित

झरिया, सिंगरौली यांसारख्या कोळसाक्षेत्रांत खुल्या खाणींच्या कडेला वस्त्या आहेत. भिंतीला गेलेला तडा सुरुंगामुळे की अन्य कारणाने, हा तेथील नेहमीचा वाद. त्याचा निर्णय जमिनीचा कमाल कणवेग व कंपनाची वारंवारता या दोन राशींवरून केला जातो.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या तांत्रिक परिपत्रक क्र. ७ नुसार, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी ही मर्यादा ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिमी, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० मिमी आणि त्यापुढे १५ मिमी आहे. ऐतिहासिक वास्तूंसाठी ती अनुक्रमे २, ५ व १० मिमी इतकी कडक आहे. कमी वारंवारतेला कमी मुभा का? लहान घरांची नैसर्गिक वारंवारता साधारण ४ ते १२ हर्ट्झ असते. जमीन त्याच तालात हलली की घर अधिक डोलते.

येथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. दूरवरचे कंपन मुख्यत्वे एकूण स्फोटकांवर नव्हे, तर एकाच क्षणी फुटणाऱ्या भारावर ठरते. अंतराला या भाराच्या वर्गमुळाने भागले की ‘प्रमाणित अंतर’ मिळते. प्रत्येकी ५० किलो भरलेली १० छिद्रे एकदम उडवल्यास ३०० मीटरवर ते सुमारे १३ येते. एकेक छिद्र स्वतंत्र उडवल्यास सुमारे ४२. घातांक १.६ धरल्यास कंपन जवळजवळ एक-षष्ठांशावर येते. अर्थात हा घातांक प्रत्येक ठिकाणी चाचणी स्फोटांनीच ठरवावा लागतो.

दोन छिद्रांत किमान ८ मिलिसेकंदांचे अंतर असल्यास त्यांचे भार वेगळे धरण्याचा प्रघात आहे. कालांतरामुळे पुढची रांग सरकून मागच्या रांगेला मोकळी बाजूही मिळते. मात्र रासायनिक विलंब-मिश्रणावर चालणाऱ्या डिटोनेटरची वेळ काही मिलिसेकंद पुढेमागे होते आणि कागदावर वेगळी असलेली दोन छिद्रे प्रत्यक्षात एकत्र फुटू शकतात. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये वेळ १ मिलिसेकंदाच्या टप्प्याने ठरवता येते. खर्च मात्र वाढतो.

माणसाला सेकंदाला १ मिमीच्या आसपासचे कंपनही जाणवते. त्यामुळे मर्यादा पाळूनही तक्रारी येतात आणि त्या खोट्या नसतात. स्फोटमालिका सुरू होण्यापूर्वी घरांतील जुन्या तड्यांची छायाचित्रांसह नोंद झालेली नसेल, तर मापकाचा आलेख दाखवूनही वाद मिटत नाही.