हलव्याला काटा फुटतो कुठून?

संक्रांतीच्या हलव्याचा एक दाणा भिंगाखाली धरा. आत तीळ, गुळगुळीत. त्यावर चढवलेला साखरेचा पाक पातळ, परात सपाट, हलवणाऱ्या हाताची बोटं मऊ. साचा नाही, कोरणं नाही. मग हे अंगभर काटे आले कुठून?

हलवा करणारीच्या शेजारी बसून बघावं. पाकात थोडं दूध घालून मळी काढलेली, म्हणून तो स्वच्छ. मंद निखाऱ्यावर परात, तीत तीळ, नाहीतर खसखस, साबुदाणा, लवंगसुद्धा. वर चमचाभर पाक, आणि लगेच बोटांनी गोल गोल फिरवणं. दाणे कोरडे झाले की पुन्हा चमचाभर. बोटं पोळतात, पाठ भरून येते, आणि काम काही एका बैठकीत संपत नाही.

खोलीतल्या साध्या तापमानालाही एक लिटर पाणी सुमारे दोन किलो साखर विरघळवून घेतं. परातीत त्यातलं पाणी उडून जातं आणि साखर दाण्यावर स्फटिक होऊन बसते. ती सगळीकडे सारखी बसली असती तर गुळगुळीत गोळीच झाली असती. पण कुठेतरी कणभर उंचवटा राहतोच. दाणा लोळताना तो उंचवटा ओल्या परातीला आधी टेकतो, पाक आधी उचलतो, आणि वर आलेला म्हणून वाळतोही लवकर. पुढच्या चमच्याला तो आणखी उंच. ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळत जातं, असा हा व्यवहार! पाक जास्त पडला तर मधल्या खळग्या भरून काटे बुजतात, दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. थंडीत काटा चांगला येतो, असं जुन्या बायका सांगतात, ते उगाच नाही. कोरड्या हवेत प्रत्येक थर झटपट सुकतो. पावसाळ्यात करून बघा, म्हणजे कळेल.

जपानमध्ये याच घडणीची कोनपेइतो नावाची काटेरी साखरगोळी आहे. 1569 मध्ये पोर्तुगीज पाद्री लुईस फ्रोइस यांनी ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बाटलीतून भेट दिली होती. तिकडे ती तिरप्या फिरत्या कढईत होते आणि तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. तिला शिंगं का फुटतात, या प्रश्नानं तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही पछाडलं होतं. सगळ्या दिशा सारख्याच असताना गोळी गोलच का राहत नाही, हे त्यांचं कोडं. मला विचाराल तर आपल्या परातीकडेही एखाद्या भौतिकशास्त्रज्ञानं असंच डोळे लावून बसायला हवं होतं.

आपल्याकडे या काट्यांचा खरा मान बोरनहाणाला. काळं झबलं घातलेलं बाळ पाटावर, अंगावर हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, हातात हलव्याचीच बासरी. काटेरी दाणा दोऱ्यावर घट्ट बसतो आणि काळ्यावर पांढरा उठून दिसतो. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतले की गल्लीतली पोरं तुटून पडतात. उत्सवमूर्तीला त्या लुटीचं काही नसतं. तिचं लक्ष दंडाकडे. तोंडात गेलेल्या दाण्याचे काटे आधी विरघळतात, कारण टोकांना लाळ सगळ्या बाजूंनी भिडते. फोटो काढणारा मामा ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणेपर्यंत बाजूबंद गुळगुळीत झालेला असतो.