अंत नसण्याचे भय

मृत्यूची भीती सर्वांना समजते. परंतु काही माणसांना धास्ती वाटते ती अस्तित्व कधीच न संपण्याची. काळाला किंवा अवकाशाला शेवट नाही, या कल्पनेने उसळणाऱ्या या भीतीला ‘अपेरोफोबिया’, म्हणजेच अनंतभय, असे नाव मिळाले आहे. मानसोपचारशास्त्राच्या प्रचलित वर्गीकरणांत तिची स्वतंत्र आजार म्हणून नोंद नसली, तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘पुढे काय, आणि त्याच्याही पुढे काय’ या विचाराने ज्यांची छाती धडधडू लागते, त्यांचा त्रास खराच असतो. अशा व्यक्तीला स्वर्गातील चिरंतन सुखाचे आश्वासन देणे निरुपयोगीच नव्हे, तर क्रूर ठरू शकते. कारण तिला सुखदुःखाची चिंता नसते, न संपण्याचीच असते.

हा दुर्बल मनाचा कल्पनाविलास म्हणावा, तर इतिहासातील दाखले आड येतात. जोर्दानो ब्रूनो याने १५८४ मध्ये असंख्य जगांनी भरलेल्या अनंत विश्वाची कल्पना मांडली, पण ग्रहगतीचे नियम पुढे शोधणारा योहानेस केप्लर तिच्याशी कधीच जुळवून घेऊ शकला नाही. ज्या विस्ताराला सीमा नाही आणि मध्यही नाही, त्यात भटकण्याच्या विचारातच एक गूढ धसका आहे, अशा आशयाचे लेखन त्याने १६०६ च्या ग्रंथात केले. ब्लेझ पास्कालचे उदाहरण तर अधिकच विलक्षण आहे. मृत्यूनंतर १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘पाँसे’ या चिंतनसंग्रहात अनंत अवकाशाच्या निःशब्दतेने वाटणारे भय व्यक्त झाले आहे, आणि त्याच संग्रहात ईश्वरावर श्रद्धा ठेवल्यास अनंत सुखाचा लाभ संभवतो, म्हणून तिच्यावर पैज लावावी, असा युक्तिवादही आहे. ज्या अनंताने मन थरारते, त्याचीच ओढही लागते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

भारतीय परंपरेत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी मानवी वर्षांचा मानला आहे, आणि न थांबणाऱ्या जन्ममरणाच्या फेऱ्याची धास्ती ‘भवभय’ म्हणून ओळखली जाते. मोक्ष हा त्यावरचा उतारा. तरीही तुकोबांनी भक्तीच्या आणि संतसंगाच्या बदल्यात पुन्हा गर्भवास आनंदाने पत्करला.

या भीतीचे मूळ समजण्यास ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद उपयोगी पडतो. मोजणी नेहमी पुढे नेता येते, पण कोणत्याही टप्प्यावर मोजलेले मर्यादितच असते. हे संभाव्य अनंत त्याला मान्य होते, तर पूर्ण होऊन समोर उभे असलेले सिद्ध अनंत त्याने नाकारले. गेओर्ग कांटोर याने १८७४ पासून गणितात या दुसऱ्या अनंताला हक्काचे स्थान मिळवून दिले. भयग्रस्त मन मात्र ते एका क्षणात अनुभवू पाहते. अमर माणसाचेही जगून झालेले आयुष्य कोणत्याही दिवशी मोजता येण्याजोगेच असेल, हा युक्तिवाद अचूक आहे. पण उरलेला काळ त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, हे भ्यालेल्या माणसाला लगेच दिसते. म्हणूनच विशिष्ट भीतींवरील वर्तनोपचारात वादावर फारसा भर नसतो. भीतिदायक विचार टाळण्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने, तज्ज्ञाच्या सोबतीने मनात येऊ देण्याचा आणि त्याचे उत्तर न शोधता तो ओसरेपर्यंत थांबण्याचा सराव करून घेतला जातो.